भाल्यांची भानगड

प्रिय दिल्या,

आठ महिने ना पत्र, ना फोन. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

तुझंच खरं निघालं रे. स्पेनमधल्या सोमोसिएर्रा घाटात नेपोलियनसाठी लढलेल्या पोलिश स्वारांकडे भाले नव्हते.

नानाच्या माडीवरचं भांडण आठव. मी म्हणालो, पोलिश उलान (भालाईत घोडेस्वार) आणि भाला नाही, म्हणजे वारकरी आणि टाळ नाही. तू म्हणालास, "चित्र नको दाखवूस, साल बघ." त्याच रागात तुझा बारीक ब्रश परत केला नाही. (अजून आहे. टोक गेलंय.)

साल बघितलं, पण उशिरा. घाटातली ती चढाई 30 नोव्हेंबर 1808 ची, आणि नेपोलियनच्या गार्डातल्या या रिसाल्याला भाले मिळाले 1809 मध्ये. माझ्यासमोरचं चित्र नंतरचं होतं. गणवेश तोच, भाला जास्तीचा! आणि मी स्वारांचे बारा छोटे पुतळे भाल्यांसकट रंगवून, पैसे घेऊन नागपूरला पाठवून मोकळा.

गणवेश बघून मात्र तूही गप्प बसला असतास. गडद निळी कुर्टका (आखूड कोट), छातीवर किरमिजी पल्ले, चौकोनी माथ्याची चापका टोपी. त्या किरमिजीने चार रात्री खाल्ल्या. पहिल्या हाताला गुलाबी, दुसऱ्याला थेट रक्त. शेवटी खाली तपकिरी हात मारला तेव्हा बसला. पोलिश लोक त्याला कार्माझिन म्हणतात. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, गंमत आहे ना? चापकेवरच्या पितळी किरणांची एकेक रेघ भिंगाखाली ओढली, आणि हातात दिलं काय, तर भलतंच हत्यार.

पोलिश चित्रकार पिओत्र मिखावोव्स्की शहाणा. हीच चढाई त्याने पुन्हापुन्हा रंगवली, पण कॅनव्हासवर नुसता धूर आणि घोड्यांचा लोंढा. बटणं मोजायला जागाच ठेवली नाही.

काल गिऱ्हाइकाचा फोटो आला. काचेची पेटी, खाली पितळी पाटी 'सोमोसिएर्रा 1808', आणि नातू बोटाने भाले मोजतोय. आता सांगू की गप्प बसू? भाले काढले तर मुठींना भोकं उरतात, तलवार बसवायची तर मनगटं वळवावी लागतील. पाटीवर 1812 टाकावं, तर स्वारी रशियातली होते आणि खाली मी कोरलेत स्पेनचे खडक! अप्या म्हणतो, कोण बघतंय. अप्याला विचारणं ही माझी दुसरी चूक.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? वास्तुशांतीला आलो नाही, माफ कर. पिंकीला आशीर्वाद.

मनगटांचं तेवढं लगेच कळव. आणि 'मी सांगितलं होतं' हे एकदाच लिही.

तुझा,
बंड्या