चिवड्याच्या पाकिटावरचं नाव

परळ, मुंबई

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली आर्टवर्कं काल रात्री मोठ्या स्क्रीनवर उघडून नीट पाहिली. अशा गोष्टी फोनवर धड सांगता येत नाहीत, म्हणून लिहितेय. रंग छान निवडलायस. हळदीचा पिवळा आणि त्यावर काळपट तांबडा, लालबागच्या चिवड्याला शोभेल असाच. इंग्रजी नावही बेतशीर झालंय. मराठी नाव मात्र मला पटलं नाही. ते का पटलं नाही हे सविस्तर सांगते, कारण बंगलोरच्या तुझ्या ऑफिसात मराठी वाचणारं दुसरं कुणी नाही, असं तूच म्हणालास.

इंग्रजी अक्षरांचेच तुकडे कापून तू देवनागरी जुळवलीस आणि वर एक सरळ पट्टी ठोकलीस. दोन्ही नावं एकाच घरची दिसावीत म्हणून असं केलं, हे तुझं म्हणणं. हेतू बरोबर आहे. पण त्यासाठी दरवेळी मराठीनेच हातपाय का कापून घ्यायचे? माल लालबागचा, मालक मराठी, निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मराठी, आणि पाकिटावर आपलंच नाव पाहुण्यासारखं अंग चोरून उभं!

हात आणि हत्यार यातून अक्षराला वळण येतं. रोमन लिपी लेखणीच्या ज्या टोकाने लिहिली गेली त्याच्या उलट बाजूला आपल्या बोरूचा कट असतो. त्यामुळे जाड-बारीक रेषांच्या जागाही उलट होतात. रोमन गोलाई जिथे जाड होते तिथे आपली बारीक होते. तू इंग्रजीतली गोलाई उचलून ‘व’ला लावलीस, त्यामुळे त्याचं पोट भलत्याच बाजूला सुटलंय. साध्या वाचणाऱ्याला हे बोट ठेवून दाखवता येणार नाही, पण काहीतरी खटकतंय एवढं त्याला कळतंच.

आता ‘लसूण शेव’चं पाकीट बघ. त्यातले ल आणि श दोन्ही हिंदी वळणाचे आहेत. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य सरकारने २०२२ मध्ये त्यासाठी शासन निर्णयही काढलाय. बऱ्याच फॉन्टांत ही रूपं आत दडलेली असतात, सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली तरच बाहेर येतात. आणि ‘पुऱ्या’ हा शब्द पुन्हा एकदा वाच, तिथे ‘पुर्या’ झालंय. र आणि य यांची ही जोडणी टाइप करताना वेगळी घ्यावी लागते. पाकीट छापून दुकानात लागल्यावर पहिली बोंब यावरूनच होईल.

उंचीचं गणितही चुकतंय. तू दोन्ही नावांना एकसारखी चौकट दिलीस. रोमन मोठी अक्षरं ती चौकट पूर्ण भरतात. देवनागरीत वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, त्यामुळे अक्षराच्या अंगाला जेमतेम निम्मी जागा उरते. मुंबईत दुकानांच्या पाट्यांवर हाच घोळ सगळीकडे दिसतो. २०२२ च्या सुधारणेप्रमाणे मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावीत असा कायदा आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिल्यावर पाट्या भराभर बदलल्या. बदलल्या खऱ्या, पण अनेक ठिकाणी वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेवटापर्यंत पट्टी लावून उंची समान दाखवली आहे, आणि रस्त्याच्या पलीकडून इंग्रजी नावच आधी वाचता येतं. मला याचा मनापासून राग येतो. कायद्याने जागा मिळवून दिली तर ती नीट भरणं आपल्या धंद्यातल्या माणसांचं काम आहे. तेव्हा मोजायचं तर शिरोरेषेपासून खालपर्यंतचं अक्षराचं अंग मोज.

दोन लिपी एकत्र आणायच्या कशा, याचा उत्तम धडा रोज आपल्या हातातून जातो. रुपयाचं चिन्ह घे. पवईला आयआयटीच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी ते केलं आणि २०१० मध्ये सरकारने स्वीकारलं. त्यात आपला र आहे, रोमन आरही आहे, पण त्याचा उभा दांडा काढून टाकलाय आणि शिरोरेषा मात्र ठेवलीय. म्हणजे तिथे रोमन अक्षराने देवनागरीशी जुळवून घेतलंय. तूही असं करून बघ. आधी मराठी नाव पक्कं कर, इंग्रजी त्याच्यावर बेत. क्लायंट नाही म्हणणार नाही. म्हणाला तर मला सांग, आपण मुद्दे काढू.

परवा चिवडा गल्लीत मुद्दाम जाऊन आले. गणपती तोंडावर आलेत, त्यामुळे गर्दी अशी की पाऊल ठेवायला जागा नाही. मोठमोठ्या परातींत पोहे, मक्याचा, डाएट चिवडा, शेव, फरसाण. बाजूच्या मिरची गल्लीतून मसाल्याचा ठसका. एका दुकानात पाकिटं भरत होते तिथे बराच वेळ उभी राहिले. पोरगा मापाने चिवडा ओततो, पिशवी दोनदा आपटतो, तोंड सरळ करून सिलिंग मशीनखाली धरतो आणि पायाने दाबतो. सिलची पट्टी बोटभर रुंद. घाईत ती दरवेळी तंतोतंत एकाच जागी येत नाही, कधी वर, कधी खाली. ज्या पाकिटांवर नाव कडेला चिकटून छापलंय त्यांच्या वेलांट्या आणि मात्रा सिलखाली चुरगळतात. ‘चिवडा’चा ‘चवडा’ झालेला मी डोळ्यांनी पाहिला. तुझ्या आर्टवर्कात नाव वरच्या कडेपासून अगदी जवळ आहे. चांगलं दोन बोटं खाली घे.

शिवाय भरलेलं पाकीट फुगतं. स्क्रीनवर तुझं नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐसपैस दिसतं, पण पिशवी फुगली की दोन्ही टोकांची अक्षरं बाजूला वळून दिसेनाशी होतात. नाव मधल्या भागात आण. आणि त्या बारीक केसासारख्या रेषा जाड कर. पिशवीवर तेलकट हात लागतात, पिशव्या एकमेकींवर घासतात, आधी बारीक रेष जाते.

मागच्या आठवड्यात चर्चगेटला काम होतं. साडेअकराच्या सुमारास स्टेशनबाहेर डबेवाल्यांची वाटणी चालली होती. डब्याच्या झाकणावर रंगाने केलेली खूण तू लहानपणी पाहिली असशील, आता डिझायनरच्या नजरेने बघ. मधोमध मोठा आकडा, डबा कुठल्या भागात जायचा त्याचा. कडेला इमारतीच्या नावाची आद्याक्षरं आणि मजला. एका बाजूला तो कुठून निघाला ते सांगणारं अक्षर. पूर्वी रंगीत दोरे नि चिंध्या बांधत, मग रंग आला. कुठल्याही कॉलेजात न शिकता केलेली ही खूण लगेजच्या डब्यात आदळते, पावसात भिजते, उन्हात तापते, तरीही चालता चालता एका नजरेत वाचली जाते. महत्त्वाचं ते मोठं, बाकीचं बारीक, आणि जागा ठरलेल्या. तुझ्या पाकिटावर नाव, चव, वजन, किंमत, ‘शुद्ध तेलात तळलेले’, ‘परंपरेची चव’, सगळं सारख्याच आवाजात बोलतंय. ‘परंपरेची चव’ तर काढूनच टाक.

आणखी एक. पाकिटावरचा हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका तू सजावटीत बसवण्यासाठी फिकट केलायस. तसं करू नकोस. देशात सगळ्यात जास्त पाहिल्या जाणाऱ्या चिन्हांपैकी ते एक असेल. त्याच्या जोडीचं मांसाहाराचं चिन्ह पूर्वी तपकिरी ठिपका होतं. रंगांध माणसाला हिरवा आणि तपकिरी वेगळा ओळखणं कठीण, म्हणून २०२० च्या लेबलिंग नियमांत ठिपक्याच्या जागी त्रिकोण आला. किती शहाणपणाचा बदल! रंग गेला तरी आकार बोलला पाहिजे. स्टेट बँकेचं चिन्ह बघ, शेखर कामत यांनी १९७१ मध्ये केलेलं. पासबुकावर रबरी शिक्का अर्धवट उमटला तरी ते वर्तुळ आणि खालची फट ओळखू येते. तुझं आर्टवर्क एकदा काळं-पांढरं करून, नखाएवढं लहान करून प्रिंट काढ. त्यात काय उरतं ते बघ.

संदर्भासाठी वेबसाइटी चाळण्याआधी कमल शेडग्यांची अक्षरं बघ. वर्तमानपत्रातल्या एवढ्याशा चौकटीत नाटकाचं नाव, आणि ते वाचण्याआधीच नाटक विनोदी की गंभीर हे कळायचं. आर. के. जोशींचं कामही शोध. तुमच्या संगणकावरचा मंगल फॉन्ट त्यांचाच, आणि त्यांच्या हातची सुलेखनं त्याहून कितीतरी मोकळी आहेत. नव्यांपैकी मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा मोदक फॉन्ट मला फार आवडतो. अक्षरं उकडीच्या मोदकासारखी टम्म फुगलेली, आतल्या पोकळीची नुसती चीर उरलेली. पण तो इथे वापरू नकोस. पिशवीच्या छपाईत शाई पसरली की ती चीर भरून जाईल. आणि आयतं अक्षर घेऊन तुझ्या क्लायंटला स्वतःचं नाव मिळणारही नाही.

म्हणून आता असं कर. संगणक बाजूला ठेव. कट निब किंवा बोरू घे आणि ते नाव हाताने लिहीत राहा, हात सैल होईपर्यंत. सुरुवातीची सगळी अक्षरं कुठेतरी पाहिलेली निघतील, मग एखाद्या कागदावर ‘च’ किंवा ‘ड’ खास तुझा असा येईल. त्याचे फोटो मला पाठव. संगणकावर गिरवून त्यांचं व्हेक्टर मुळीच करू नकोस, शाई वाळायच्या आतले फोटो हवेत. मुदत वाढवून मागायची असेल तर आजच माग. गणपतीचे दिवस सुरू झाले की चिवडेवाला फोन उचलणार नाही.

घरी सगळे ठीक. बाबांचा गुडघा बरा आहे, सकाळी चालून येतात. आजीला तुझं पाकीट दाखवलं. चष्मा लावून तिने इंग्रजी सोडून मराठी नाव वाचायला घेतलं आणि दुसऱ्या अक्षरापाशी अडली. तेवढं मनात ठेव.

तुझी,
आई

ता. क. कुरिअरने चिवड्याची पाकिटं पाठवतेय, वेगवेगळ्या दुकानांची. ऑफिसातल्या मित्रांनाही दे. खाऊन झाली की फेकू नकोस. पिशव्या पुसून टेबलावर पसर आणि कुणाचं नाव अजून धड वाचता येतंय ते मला कळव.