एलईडी वॉल राहू द्या, आधी पदांचे शब्द दाखवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या ऑपेरात, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकात, टेक्नॉलॉजी कशी वापरतात त्यावर लेख आला होता. छान होता, पण रोबोट, प्रोजेक्शन, चष्मे सगळं आलं आणि ज्या एका गोष्टीमुळे माझ्यासारख्या माणसाला ऑपेरा कळायला लागला तीच राहून गेली. सरटायटल्स. म्हणजे स्टेजच्या वर एक पट्टी आणि तिच्यावर चालू गाण्याच्या ओळीचं भाषांतर, बस एवढंच. १९८३ साली टोरंटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने हे पहिल्यांदा केलं. न्यूयॉर्कच्या मेटमध्ये (मेट्रोपॉलिटन ऑपेरा) तर १९९५ पासून समोरच्या खुर्चीच्या पाठीवर छोटी स्क्रीन असते, नको असेल तर बंद करा, शेजाऱ्याला उजेडाचा त्रास नाही.

मी मेटचे ऑपेरा पाहिले ते मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात, पडद्यावर, खाली सबटायटल्स. इटालियन जर्मन काही येत नाही मला, पण बाई का रडतेय ते त्या क्षणी कळत होतं आणि कळलं की मग सूर आत जातो.

त्याच मेटने २०१० मध्ये जर्मन संगीतकार वॅग्नरच्या 'रिंग' या ऑपेरा-मालिकेसाठी २४ फळ्यांचं ४५ टनी यंत्र स्टेजवर आणलं होतं, फळ्या फिरायच्या, त्याच नदी, त्याच डोंगर. जलपऱ्या गायला लागल्या की त्यांच्या आवाजावर पडद्यावरचे बुडबुडे हलायचे, ते खरंच सुंदर होतं. पण पहिल्याच प्रयोगाला शेवटी देवांनी इंद्रधनुष्याच्या पुलावरून जायचं तर यंत्र हललंच नाही, देव बिचारे बाजूने निघून गेले. आणि २०२३ ला जर्मनीत बायरॉइटला वॅग्नरच्याच 'पार्सिफाल'मध्ये एआर चष्मे आले, म्हणजे घातले की स्टेजवर नसलेली चित्रंही समोर दिसतात असे, ते मिळाले साधारण ३३० जणांना, बाकी अख्खं थिएटर चष्म्याशिवाय. याला माझा विरोध नाहीये, करून बघायलाच पाहिजे. पण आपल्याकडे नक्कल होते ती फक्त या झगमगाटाची.

गेल्या महिन्यात एका संगीत नाटकाला भाचीला घेऊन गेलो होतो. मागे मोठी एलईडी वॉल, तिच्यावर धबधबा आणि सरकणारे ढग. गाणारी मुलगी इतकी तयार होती, एक तान घेऊन ती समेवर आली आणि नेमका तेव्हाच मागे मोर उडाला, झालं, पुढच्या चार रांगांच्या माना मोराकडे. वॉलच्या उजेडाने तिचा चेहरा काळा दिसत होता, ती हसतेय का डोळ्यात पाणी आहे काहीच कळेना. त्याआधी नांदी झाली 'शाकुंतल'ची, तेव्हा भाचीने कानात विचारलं, मामा पंचतुंड म्हणजे काय? मी म्हटलं पाच तोंडांचा, शंकर. मग पुढचं नररुंड काय, ते सांगेपर्यंत नांदी संपली. मुलगी मराठी माध्यमात शिकलीये हो. किर्लोस्करांनी हे नाटक पुण्यात आणलं १८८० साली, तेव्हाच्या प्रेक्षकाला ते शब्द ओळखीचे होते, आता तिला कुठून कळणार? आणि शेजारचे तामिळ काका गाण्यातले दर्दी आहेत, त्यांना तर मी बोलवतच नाही, तीन तास काय समजावून सांगू.

म्हणून माझं म्हणणं, त्या वॉलचं भाडं देताच आहात तर आधी वर एक काळी पट्टी लावा. पद चालू असताना सोप्या मराठीत अर्थ आणि खाली इंग्रजी ओळ. एक प्रोजेक्टर आणि एक लॅपटॉप लागतो. अवघड आहे ते बटण दाबणाऱ्याचं काम. ऑपेरात सगळं स्वरलिपीत लिहिलेलं असतं, तिथला माणूस नोटेशन बघून बटण दाबतो. आपला गायक एकाच शब्दावर पाच मिनिटं रमेल, वन्स मोअर आला की पुन्हा पहिल्यापासून, मग ओळ थांबवायची कधी आणि सोडायची कधी हे नाटक तोंडपाठ असलेल्या माणसालाच जमणार. असा माणूस आपल्याकडे आहे की, विंगेत उभा असतो, प्रॉम्प्टर! त्याच्या हातात द्या ते बटण. आणि पैसेही नीट द्या त्याला. कुठल्याही ऑटोमॅटिक सॉफ्टवेअरवर हे सोडू नका, मैफिलीसारखं गाणं रोज वेगळं होतं त्याला ते काय पुरणार.

कुणी निर्माता एक प्रयोग असा करायला तयार असेल तर त्या नाटकातल्या सगळ्या पदांचे अर्थ मी स्वतः टाईप करून देईन, एक पैसा नको. माझा नंबर तुमच्या कार्यालयात दिलेला आहे.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली