वांगणीच्या काकांना, चष्म्यासकट आभार

काका, नमस्कार.

नाव विचारायचं राहूनच गेलं. रात्रभर दुर्बिणीतून आकाश बघून झाल्यावर पहाटे वांगणीला तुम्ही कर्जतच्या गाडीत चढलात, मी मुंबईकडच्या, आणि बदलापूर यायच्या आत लक्षात आलं की आपण तुमचा नंबरसुद्धा घेतला नाही. म्हणून हे असं चारचौघांत.

मी तो जाड चष्म्याचा, सहा इंची आरशाच्या डॉब्सोनियन दुर्बिणीवाला. दोन्ही डोळ्यांना अडीचचा सिलिंडर, म्हणजे ठिपका ओढून लांब दाखवणारा दोष. दुर्बीण घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "चष्मा काढून बघा, फोकस केलं की नंबर आपोआप जुळतो." जवळचा-लांबचा जुळतो. सिलिंडरचा नाही जुळत, चाक कितीही पिळा. तारे फराट्यासारखे दिसतात म्हणून परत गेलो, तर त्याने ४ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) आणि वर तीन पटीचा बार्लो (प्रतिमा आणखी मोठी करणारं भिंग) गळ्यात मारला. माझ्या १२०० मिमी फोकल लांबीच्या दुर्बिणीला म्हणजे ९०० पट! सहा इंचाला फार फार तर ३००, तेही हवा शांत असेल तर. गुरू पिठल्याच्या गोळ्यासारखा दिसायचा. पुढे एका जाणकारांनी तर निकालच दिला: "तुमच्या डोळ्यांना नाही जमायचं, फोटो बघत जा."

त्या रात्री तुम्ही मांडीवर वही आणि लाल जिलेटिन लावलेली बॅटरी घेऊन गुरूवर एकामागून एक आयपीस बदलत होतात. मधेच उठून माझ्याकडे आलात. मी सवयीने चष्मा खिशात टाकून मृगातला तेजोमेघ बघत होतो. "काय दिसतंय?" म्हणालात. मी म्हटलं, धूर, आणि मधे एक फराटा.

"चष्मा घाला."

आणि माझ्याच २५ मिमीच्या प्लॉसल आयपीसच्या कडेचं रबर तुम्ही अंगठ्याने खाली दुमडलंत. दहिवराने ओलं झालेलं, एकदा सटकून पुन्हा वर आलं. तुम्ही परत सावकाश, गोल फिरवत दुमडलंत. "आता टेकवा."

फराट्याच्या जागी चार टिंबं! टाचणीने टोचल्यासारखी, वेगवेगळी चार.

२५ च्या प्लॉसलमध्ये डोळा काचेपासून साधारण १७ मिमी लांब चालतो, तेवढ्यात चष्मा मावतो, हे तुम्ही नंतर चहा ओतताना सांगितलंत. आडवं येत होतं ते फक्त रबर. दोन वर्षं! आणि तो ४ मिमीचा महागडा आयपीस, त्याला तर पापणीच घासते.

खरं सांगू, मला त्या चार ताऱ्यांहून जास्त तुमची वही आठवते. तुम्ही तीत 'चष्म्यासकट' असा नवा रकाना आखलात, तुमचे सगळे आयपीस मला गुरूवर लावून दिलेत आणि मी "दुसरा पट्टा या आयपीसमध्ये जास्त ठसठशीत" म्हटलं की ते लिहून घेतलंत. माझ्या डोळ्यांनी बघितलेलं कुणीतरी लिहून घेत होतं. एवढी साधी माणुसकी अंगात असलेली माणसं दुकानात का नसतात कोण जाणे. रात्रभर थंडीत कुडकुडत, अनोळखी माणसाला स्वतःची जपलेली काच हाताळू देणारी.

रबर अजून दुमडलेलंच आहे, आता त्याला तशीच घडी पडलीय. ४ मिमीचा विकायला काढलाय. विचारणा आली की मी आधी चष्म्याचा नंबर विचारतो. आणि हो, तुमच्या थर्मासचं झाकण माझ्या पिशवीत आलंय. पुढच्या अमावस्येला घेऊन येतो.

तुमचा,
अडीच सिलिंडरवाला