खांदेरीवर मुक्काम हवा, पण ताडोबाच्या शिस्तीने

महोदय,

युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत अलिबागजवळच्या थळसमोरील खांदेरी हा जलदुर्गही आहे. आम्हा नागपूरकरांना तेथे जायचे म्हणजे आगगाडीत रात्र काढून मुंबई, तेथून अलिबाग, थळ आणि मग मच्छीमारांची होडी असा प्रवास करावा लागतो. एवढे करून भरती-ओहोटी आणि नावाड्याची घाई सांभाळत बेटावर जेमतेम तास-दोन तास मिळतात. म्हणून या बेटावर मर्यादित आणि नियंत्रित तंबू-मुक्कामास परवानगी द्यावी, अशी सूचना मी आपल्या पत्राद्वारे करू इच्छितो.

मुक्कामाचा आग्रह केवळ सोयीसाठी नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी येथे तटबंदीचे काम सुरू केले, तेव्हा मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे उभे राहते हे पाहून इंग्रजांनी बेटाभोवती गलबते आणून उभी केली. ऑक्टोबरमधील झुंजीत त्यांचे ‘डव्ह’ हे गलबत मराठ्यांच्या हाती लागले. तरीही खरा पेच होता तो बेटावरील लोकांपर्यंत रसद पोहोचवण्याचा. तो सुटला अंधारामुळे. वल्ह्यांवर चालणाऱ्या लहान, उथळ होड्या रात्री किनाऱ्यावरून निघून इंग्रजांच्या जड जहाजांना चुकवत बेटावर पोहोचत, आणि वाऱ्यावर अवलंबून असलेल्या त्या जहाजांना त्यांचा पाठलाग करणे जमत नसे. हे युद्ध रात्रीचे होते. ते भर दुपारी, होडीवाल्याच्या हाका ऐकत कसे समजणार? पुढे १६८० च्या आरंभी सिद्दीने शेजारचे उंदेरी व्यापले. समोरासमोरच्या या दोन बेटांतील वैर तटावर निवांत बसल्याशिवाय ध्यानात येत नाही. १८६७ चे दीपगृहही रात्रीच पाहण्याची गोष्ट आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल आयलंड या बेटावर अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातील छावणीपासून शीतयुद्धातील क्षेपणास्त्र तळापर्यंतचे लष्करी अवशेष आहेत, आणि तेथे आगाऊ नोंदणी करून तंबूत राहता येते. तंबूंच्या जागा मोजक्याच आहेत, सामान स्वतः पाठीवर वाहून न्यावे लागते आणि लाकडे पेटवण्यास बंदी आहे. ही बंदी उगाच नाही. ऑक्टोबर २००८ च्या वणव्यात त्या बेटाचा जवळपास निम्मा भाग होरपळला होता.

आपल्याकडे ‘कॅम्पिंग’ म्हटले की कर्कश स्पीकर, दारूच्या बाटल्या आणि तटावर खडूने लिहिलेली नावे डोळ्यांपुढे येतात, हे मान्य. तसला मुक्काम मलाही नको. परंतु शिस्त लावता येत नाही, हे विदर्भातील माणसाला पटणार नाही. ताडोबात ऑनलाइन नोंदणी, प्रवेशद्वारागणिक गाड्यांची ठरावीक संख्या आणि सोबत गाईडची सक्ती हे सारे आपण निमूटपणे पाळतोच. तीच पद्धत येथे लावावी. तंबू तटबंदी, तोफा आणि वेताळाचे देऊळ यांपासून दूर असावेत, कारण ते देऊळ कोळी बांधवांच्या श्रद्धेचे स्थान आहे. चूल पेटवू नये, कचरा परत न्यावा, आणि होडी व वाटाड्याचे काम थळच्या कोळ्यांनाच मिळावे. पावसाळ्यात अर्थातच मुक्काम बंद ठेवावा.

बेट मुंबई बंदर प्राधिकरणाकडे आणि किल्ल्याचे संरक्षण राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे असल्यामुळे दोघांनी एकत्र बसल्याशिवाय हे होणार नाही. कुलूप लावणे सोपे असते. आमचा सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून सामान्य नागरिकांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशीच उघडतो. तेथे लष्कराचा वावर असल्याने ते समजण्यासारखे आहे. खांदेरीवर तशी अडचण दिसत नाही. सुरुवातीला फक्त एनसीसीचे छात्र आणि इतिहासाचे विद्यार्थी यांच्या लहान तुकड्यांना हिवाळ्यात एका रात्रीची परवानगी द्यावी, आणि हंगामाअखेर बेटाची पाहणी करून पुढचे ठरवावे.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर