तक्रार पत्र : अत्यवस्थ रुग्णाकडून अनामत घेतल्याबद्दल आणि निर्धन रुग्णाची सवलत नाकारल्याबद्दल

दि. ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व विश्वस्त,
धर्मादाय रुग्णालय ट्रस्ट, जि. जळगाव

विषय : सर्पदंशाच्या रुग्णाकडून घेतलेली अनामत व बिलाची रक्कम परत मिळण्याबाबत, तसेच निर्धन रुग्णांची योजना रात्रीही चालू ठेवण्याबाबत.

महोदय,

मी चोपडा तालुक्यातला केळी-कापसाचा शेतकरी. या श्रावणात माझ्या मळ्यातल्या खोलीत जमिनीवर झोपलेल्या सालदाराच्या (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याच्या) बायकोला मण्यार चावली. मण्यारीचा दंश दुखत नाही, सूजही येत नाही. पोटात कळ आली म्हणून ती उठली, घरच्यांनी ओवा दिला, आणि थोड्या वेळाने तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या तेव्हा काय झाले ते आम्हाला उमगले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सर्पविषावरची लस लगेच सुरू झाली, पैशाचे कोणी नावही काढले नाही. पण श्वास मंदावतो आहे, व्हेंटिलेटर लागेल, तो इथे मिळणार नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. १०८ची गाडी आम्हाला घेऊन आपल्या रुग्णालयात आली, कारण तेच सगळ्यांत जवळ होते.

आपल्या अपघात विभागात रात्रपाळीला असलेल्या डॉक्टर बाईंनी तिला स्ट्रेचरवर घेताच घशात नळी घातली. ती आज जिवंत आहे ती त्यांच्यामुळे. हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही, उलट त्यांच्या सेवापुस्तकात याची नोंद व्हावी अशी माझी इच्छा आहे. तक्रार आहे ती त्यानंतरच्या वेळेची. वॉर्डबॉय हाताने फुगा दाबून तिला श्वास देत होता आणि काउंटरवरचा माणूस आम्हाला सांगत होता, "पन्नास हजार भरा, मग आयसीयूचा बेड देतो." सालदाराने पिशवीतून पिवळे रेशनकार्ड काढून पुढे केले. त्याने ते हातातही घेतले नाही. "काका, ते सोशल वर्करचं काम. ते दहा वाजता येतात," असे तो मला म्हणाला. सालदाराशी तर तो बोललाच नाही. मी माझ्या फोनवरून होते तेवढे पाठवले, उरलेल्यासाठी गावातल्या कृषी केंद्रवाल्याला झोपेतून उठवले. पैसे जमा झाल्याचा मेसेज आल्यावर बेड मिळाला. तोवर फुगा हातानेच दाबला जात होता.

महोदय, ही अनामत मागायचा अधिकार आपल्या संस्थेला नव्हता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली जी योजना लागू केली, तिच्यात हे स्पष्ट लिहिलेले आहे : तातडीच्या रुग्णाला धर्मादाय रुग्णालयाने लगेच दाखल करून घ्यायचे, जीव वाचवणारे उपचार करायचे आणि अनामत मागायची नाही. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या. निर्धन म्हणजे ज्याचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत आहे तो, आणि दुर्बल घटकासाठी ही मर्यादा ३ लाख ६० हजार आहे. सालदाराचे साल (वर्षाची ठरलेली मजुरी) आणि त्याच्या बायकोची निंदणी-वेचणीची मजुरी एकत्र केली तरी ती पहिल्या मर्यादेच्या आत येते. मी स्वतः त्यांना मजुरी देतो, म्हणून हे खात्रीने लिहितो.

दुसऱ्या दिवशी सोशल वर्कर भेटले. ते म्हणाले, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा, नुसत्या रेशनकार्डावर होणार नाही. योजनेत तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड, यांपैकी कोणतेही एक चालते. मी तसे दाखवून दिल्यावर ते म्हणाले, निर्धनांच्या खाटा भरलेल्या आहेत. किती खाटा आहेत, त्यांवर आज कोण आहे, हे विचारले तर यादी दाखवली नाही. आपल्या आवारात देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या प्रत्येक मजल्यावर आहेत. राखीव खाटांचा फलक मी शोधला, तो मला जिन्याखाली सलाईनच्या रिकाम्या खोक्यांमागे सापडला.

बिल १ लाख ३८ हजारांचे झाले. त्यातली औषधे आपल्याच आवारातल्या मेडिकलमधून छापील किमतीला घ्यायला लावली. निर्धन रुग्णाला खाट, शुश्रूषा, जेवण आणि नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत, आणि औषधे व साहित्य यांचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून भागवायचा असतो. हा निधी आकाशातून पडत नाही. इतर सगळ्या रुग्णांच्या बिलाच्या दोन टक्के रक्कम त्यात जमा करावी लागते. म्हणजे माझ्या आईच्या मोतीबिंदूचे पैसे मी आपल्याकडे भरले, तेव्हा त्यातला वाटा अशाच एखाद्या बाईसाठी बाजूला पडला असणार. तो कोणासाठी खर्च होतो, हे विचारण्याचा मला हक्क आहे.

सालदाराने दोन शेळ्या आणि बायकोचे चांदीचे कडे विकले. बाकीची रक्कम मी दिली, आणि मी नको म्हणत असतानाही त्याने ती पुढच्या आखाजीपासूनच्या (अक्षय्य तृतीयेपासूनच्या) सालावर उचल म्हणून लिहून घ्यायला लावली. म्हणजे एका रात्रीच्या सर्पदंशापायी त्याचे येणारे सबंध वर्ष आताच विकले गेले आहे. मला सर्वांत जास्त हे लागले आहे.

एवढ्या तळमळीने लिहितो त्याचे कारण आहे. हे रुग्णालय उभे राहत होते तेव्हा आमच्या भागातले शेतकरी जिनिंगवर कापूस घालताना क्विंटलमागे ठरलेली रक्कम कापून देत होते. माझ्या वडिलांची २५१ रुपयांची पावती आमच्या घरात आहे. सातपुड्याच्या पाड्यांवरच्या माणसांनी बांधकामावर मजुरी केली. आपली गाडी आश्रमशाळांमध्ये जाऊन मुलांचे रक्त सिकलसेल या आनुवंशिक आजारासाठी तपासायची, बाळंतिणींना घरी सोडायची, आणि आमच्याकडच्या बायका सरकारी दवाखान्याला घाबरायच्या पण आपल्याकडे बिनधास्त यायच्या. ती गाडी आता पाड्यांकडे येत नाही. धर्मादाय म्हणून मिळणारी आयकराची सूट मात्र संस्था घेते. पहिली पिढी ज्यांच्यासाठी हे सगळे करत होती, ती माणसे आजही त्याच पाड्यांवर आहेत, आणि साप आजही त्यांनाच चावतात, कारण खाटेवर निजणे त्यांना परवडत नाही.

आपण सालदाराला अनामतीसह पूर्ण रक्कम परत करावी, आणि ती त्याच्या बायकोच्या बँक खात्यात जमा करावी. सोशल वर्कर किंवा त्यांच्या अधिकाराचा माणूस रात्रीही अपघात विभागात असावा, कारण मण्यार बहुधा रात्रीच चावते. निर्धन व दुर्बल घटकांच्या रिकाम्या खाटांचा आकडा रोज दर्शनी भागात, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावा. गेल्या तीन वर्षांत निर्धन रुग्ण निधीत किती जमा झाले आणि किती खर्च झाले याचा हिशेब मला लेखी मिळावा. पाड्यांवरची गाडी का बंद झाली आणि ती केव्हा सुरू होणार, हेही कळवावे.

बिलाची, औषधांच्या पावत्यांची, रेशनकार्डाची आणि पैसे पाठवल्याच्या मेसेजची प्रत सोबत जोडली आहे. या पत्राची एक प्रत धर्मादाय आयुक्तांच्या जळगावच्या कार्यालयाला आणि एक जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवत आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळाले नाही, तर सालदाराच्या बायकोला सोबत घेऊन मी त्या कार्यालयात रीतसर अर्ज दाखल करीन. तिने त्यावर अंगठा न लावता स्वतःच्या हाताने सही करायचे ठरवले आहे.

आपला,
(सही)
सभासद देणगीदाराचा मुलगा व शेतकरी,
ता. चोपडा, जि. जळगाव