क्वास्टहॉफच्या गाण्याच्या बाईंचं नाव तरी नीट छापा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला थॉमस क्वास्टहॉफवरचा लेख वाचला. शूबर्ट या संगीतकाराची गाणी गाणाऱ्या जर्मन गायकाला मराठी पेपरात अख्खं पान मिळालं याचा खरंच आनंद झाला, त्याबद्दल आभार. पण काल दिवसभर राग गेला नाही म्हणून आज लिहायला बसलेय.

त्याला गाणं कोणी शिकवलं याबद्दल पानभर लेखात एकच ओळ आहे आणि तीही चुकीची. नाव छापलंय लोट्टे लेहमान, शेजारी फोटोही त्यांचाच. अहो, लोट्टे लेहमान 1888 च्या, व्हिएन्नाच्या ऑपेरातल्या मोठ्या गायिका, 1938 मध्ये अमेरिकेला गेल्या, पुढे कॅलिफोर्नियात सांता बार्बराला शिकवायच्या, अमेरिकन गायिका ग्रेस बम्ब्री त्यांच्याच हाताखाली तयार झाली, आणि 1976 मध्ये त्या तिकडेच वारल्या. क्वास्टहॉफ 1959 चा, हिल्डेसहाइमचा. 1976 ला तो शाळकरी पोरगा होता, तोही जर्मनीत! त्याला ज्यांनी शिकवलं त्या हॅनोव्हरच्या शार्लोटे लेहमान, स्वतः मैफिलीत गाणाऱ्या सोप्रानो (उंच पट्टीच्या गायिका) आणि गाण्याच्या शिक्षिका. आडनाव सारखं म्हणून माणूस एक होतो का? पाच मिनिटं शोधलं असतं तरी कळलं असतं.

ही चूक मला एवढी का लागली ते सांगते. आईने गरोदरपणी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे त्याचे हात वाढले नाहीत, पियानो वाजवता येत नाही म्हणून हॅनोव्हरच्या संगीत महाविद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला, हे तुम्ही मोठ्या टायपात दिलंय. बरोबर आहे, पण मग तो शिकला कुठे? खासगीत शिकला, शार्लोटे लेहमान यांच्याकडे गळा आणि अर्न्स्ट हुबर-कॉन्टविग यांच्याकडे संगीतशास्त्र नि इतिहास. पुढे बँकेत नोकरी केली, रेडिओवर निवेदक होता, आणि 1988 ला म्युनिकच्या एआरडी या संगीत स्पर्धेत पहिला आला. तुमच्या लेखात महाविद्यालयाने नाकारलं आणि लगेच पुढच्या परिच्छेदात म्युनिकचं बक्षीस, मध्ये फक्त 'जिद्द'. जिद्दीने स्वर लागत नाही हो! माईक नाही, वेशभूषा नाही, सोबतीला एक पियानो, आणि शूबर्टच्या 'विंटररायझं' या गीतमालेची चोवीस गाणी सलग गायची, त्यात श्वास कुठे घ्यायचा आणि शब्द न मोडता स्वर कसा धरायचा हे कोणीतरी समोर बसून वर्षानुवर्षं शिकवावं लागतं. आणि लेखात त्याला सारखं 'ऑपेरा गायक' म्हटलंय तेही पटलं नाही. त्याचं मुख्य काम मैफिलीतलं, बाखचे पॅशन (येशूच्या मरणाची कथा गाण्यातून सांगणाऱ्या रचना), शूबर्ट आणि मालर या संगीतकारांची गाणी. ऑपेराच्या रंगमंचावर तो आला ते फार उशिरा, 2003 ला साल्झबर्गमध्ये 'फिडेलिओ'त आणि पुढच्या वर्षी व्हिएन्नात 'पार्सिफाल'मध्ये.

माझी आई सांगलीत घरी गाणं शिकवायची. सकाळी शाळेच्या आधी मुली यायच्या, चहाचं आधण चुलीवर आणि इकडे काळी चारवर सा. त्यातल्या एका मुलीला तार सप्तकात गेली की हनुवटी वर करायची सवय, आई पेटीवरचा हात काढून हनुवटी दाबून खाली आणायची, पुन्हा गा म्हणायची, पुन्हा दाबायची. असं किती महिने चाललं असेल देव जाणे, पण ती सवय गेली आणि मुलीचा वरचा षड्ज असा काही लखलखीत लागायला लागला की शेजारच्या काकू खिडकीत येऊन उभ्या राहायच्या. पुढे ती मुलगी टीव्हीवरच्या स्पर्धेत जिंकली. तेव्हा एका पेपरात (तुमच्या नव्हे) तिची मोठी मुलाखत आली, त्यात गुरू म्हणून स्पर्धेच्या परीक्षकाचं नाव! मुलगी रडत घरी आली, म्हणाली बाई मी तुमचंच नाव पहिलं सांगितलं होतं, त्यांनी कापलं. आई म्हणाली, "असू दे गं, जागा नसेल त्यांच्याकडे." मला तेव्हाही ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. जागा असते. परीक्षकाच्या फोटोला होती की!

आणि ज्याच्यावर लेख लिहिलात तो स्वतः काय करतो बघा. 1996 ला डेटमोल्डला प्राध्यापक झाला, 2004 ला बर्लिनच्या हान्स आयस्लर संगीत महाविद्यालयात गेला, 2009 ला त्याने तरुण गायकांसाठी 'दास लीड' (म्हणजे 'गाणं') ही स्पर्धा सुरू केली, आणि 2012 ला शास्त्रीय गायन थांबवलं तरी शिकवणं सोडलं नाही. म्हणजे ज्याला शिकवण्याची एवढी किंमत आहे त्याच्याच बाईंचं नाव तुम्ही चुकवता. त्याच्या शिकवण्याबद्दल अख्ख्या लेखात अर्धा परिच्छेदही नाही, आजारपणाबद्दल मात्र तीन आहेत.

माझी विनंती साधी आहे. येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच आकारात, शार्लोटे लेहमान यांचं नाव आणि त्यांचाच फोटो छापून दुरुस्ती द्यावी. आतल्या पानावर तळाला बारीक टायपात नको. लेखकाने मेहनत घेतलीय हे दिसतं, बाखबद्दलचा भाग तर फार सुंदर उतरलाय, म्हणूनच एवढं लांबलचक लिहितेय.

आपली नियमित वाचक,
सांगली

ता. क. पुरवणीत 'या आठवड्यातल्या मैफिली' हे सदर रविवारी येतं आणि त्यात शनिवारचे कार्यक्रम असतात. झालेल्या मैफिलीला कोण जाणार? ते सदर गुरुवारी द्या, मागेही याबद्दल लिहिलं होतं, उत्तर आलं नाही.