खाणीत उतरलेला वर्ग

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शेवटच्या वर्षाला रोबोटिक्स शिकवायला घेतलंस, हे वाचून फार आनंद झाला. चार्ट पेपरवर काळी पट्टी चिकटवून तिच्यावरून गाडी पळवण्यापलीकडे मुलांना काय द्यावं, असं विचारतोस. त्यावर तुला एका प्राध्यापकाबद्दलच लिहितो. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले विल्यम व्हिटेकर. ‘रेड’ या नावानेच ते ओळखले जातात.

माणूस मूळचा सिव्हिलचा. १९७९ मध्ये पीएचडी झाली आणि त्याच वर्षी त्यांच्याच राज्यात, पेन्सिल्व्हेनियात, थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला. तळघरात किरणोत्सारी पाणी साचलेलं, माणसाने आत जायची सोयच नाही. तिथे १९८४ मध्ये त्यांच्या गटाची केबलला जोडलेली गाडी उतरली आणि आतलं कॅमेऱ्यातून दिसू लागलं. दहा वर्षांनी त्यांचा आठ पायांचा रोबो ‘दांते २’ अलास्कातल्या ज्वालामुखीच्या विवरात उतरला. वर येताना कलंडला, पण आतल्या वायूंची माहिती तोवर बाहेर आली होती. २००७ मध्ये त्यांच्या चमूच्या ‘बॉस’ने विनाचालक गाड्यांची शहरी स्पर्धा जिंकली, हे तुला माहीत असेलच.

मला मात्र सगळ्यांत मोलाचं वाटतं ते खाणीचं काम. जुलै २००२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्याच क्यूक्रीकच्या कोळसा खाणीत कामगारांनी शेजारच्या बंद खाणीची भिंत फोडली आणि पाणी आत घुसलं. शेजारच्या खाणीचा नकाशाच अपुरा होता. नऊ जण अडकले. नशिबाने सगळे वाचले. व्हिटेकर आणि त्यांचे सहकारी प्राध्यापक सेबास्टियन थ्रुन यांनी हाच प्रश्न वर्गात आणला, आणि मुलांनी बंद खाणीत शिरून नकाशा काढणारा रोबो ‘ग्राउंडहॉग’ बांधला.

त्याची रचना बघ. दोन एटीव्हींचे, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणाऱ्या छोट्या चारचाकींचे, पुढचे अर्धे भाग पाठीला पाठ लावून जोडलेले, म्हणजे दोन्ही टोकांना स्टिअरिंग. अरुंद बोगद्यात वळायला जागा कुठली? आला तसाच उलट्या पावली परत फिरायचं. लेझरने भिंती मोजत नकाशा करायचा. मे २००३ मध्ये मॅथीज खाणीत तो कुणीही न चालवता सुमारे ३०८ मीटर आत गेला. तिथे छताची तुटलेली तुळई आडवी लोंबकळत होती. पुढे जाता येणार नाही, हे त्याने स्वतः ताडलं आणि मागे फिरायचं ठरवलं. वर्गात बांधलेल्या यंत्राने घेतलेला हा निर्णय वाचून मी थक्क झालो.

म्हणून सांगतो, तुझ्या मुलांना सुटे भाग देण्याआधी जागा दाखव. गावातली तुंबणारी गटारं, कोरडी पडलेली खोल विहीर, काहीही चालेल. तिथे रोज काम करणाऱ्यांशी त्यांना बोलू दे. चाकं किती आणि कसली, हे त्यानंतर ठरेल.

दिवाळीनंतर मला एक दिवस बोलाव. त्या खाणीच्या मोहिमेवरचा शोधनिबंध घेऊन येतो, मुलांबरोबर बसून वाचू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना रूममेट